गरम माशाची कागदपत्रे

पहिला कागद १८३५ सालचा आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एका निबंधाचा छोटासा सारांश छापलेला आहे. विषय टुनाच्या कुळातल्या काही माशांच्या तापमानाचा, लेखक डॉ. जॉन डेव्ही. सारांशात म्हटले आहे की लेखकाने पुष्कळ वर्षांपूर्वी बोनिटो या माशाचे तापमान पाहिले होते. भोवतालचे पाणी ८०.५ अंश फॅरनहाइट होते आणि मासा ९९ भरला. सेल्सियसमध्ये मांडले तर पाणी २७ च्या किंचित खाली, मासा ३७ च्या किंचित वर, आणि दोहोंत १० अंशांहून थोडा जास्त फरक. एखाद्याच्या अंगाला हात लावून आपण ‘कणकण आहे’ म्हणतो, तितका हा मासा आतून गरम होता. मासे झाडून सारे थंड रक्ताचे, हा त्या काळचा पक्का नियम. आपला मासा या नियमाला अपवाद आहे, असे डेव्हीने तिथेच नोंदवून ठेवले.

बोनिटो म्हणजे आज ज्याला स्किपजॅक टुना म्हणतात तो. कोकण किनाऱ्यावर कुपा, गेदर या नावांनी जे मासे ओळखले जातात, त्यांच्याच भाऊबंदांपैकी. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर हाच मासा गळाने धरतात, उकडून आणि धुरी देऊन वाळवतात, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या लोकांचे पोट भरत आला आहे. डेव्हीने तापमान पाहिले ते अशाच उष्ण समुद्रातल्या माशाचे.

या एका नोंदीवर पुढची सगळी इमारत उभी असल्यामुळे ती तपासून घेतली पाहिजे. डेव्ही कोण? रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीचा धाकटा भाऊ, जन्म १७९०, पेशाने लष्करी डॉक्टर. प्राण्यांच्या अंगातली उष्णता हा त्याचा जुना छंद होता. त्यावरच्या प्रयोगांचा त्याचा एक निबंध १८१४ मध्येच रॉयल सोसायटीने छापला होता. १८१६ मध्ये तो सिलोनला गेला आणि १८२० पर्यंत तिथे राहिला. वाटेत जहाजावर त्याने समुद्राच्या आणि हवेच्या तापमानाची मापे घेतली आणि ती १८१७ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे हिंदी महासागरात जाताना या माणसाच्या हाती तापमापक होता, त्याचा तो नियमाने वापर करत होता, आणि पाण्याचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत टिपण्याची त्याला सवय होती, एवढे कागदोपत्री सिद्ध आहे. बोनिटोच्या नोंदीचे साल सारांशात दिलेले नाही. ‘पुष्कळ वर्षांपूर्वी’ हे शब्द, उष्ण कटिबंधातले पाणी आणि सिलोनच्या जाण्यायेण्याच्या तारखा एकत्र ठेवल्या, तर ती नोंद त्याच प्रवासांतली असावी असे अनुमान निघते. ते अनुमानच आहे. मला ते पटते, पण ते पुराव्याच्या जागी ठेवता येणार नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. गळाला लागलेला मासा जीव खाऊन झुंजतो आणि झुंजीत स्नायू तापतात. जपानी मच्छीमारांना हे चांगले ठाऊक आहे. तडफडून मेलेल्या टुनाचे मांस जणू भाजल्यासारखे होते आणि त्याचा भाव पडतो. मग डेव्हीचे १० अंश म्हणजे निव्वळ झुंजीचा ताप असेल का? या शंकेचे उत्तर फार उशिरा, १९७१ मध्ये मिळाले. डॉन स्टीव्हन्स आणि फ्राय या दोघांनी समुद्रात धरलेल्या स्किपजॅकची आणि टाक्यांत पाळलेल्या स्किपजॅकची तापमाने वेगवेगळी तपासली. टाकीत संथ पोहणारा मासाही पाण्यापेक्षा गरम निघाला. समुद्रात धरलेला त्याहून गरम. म्हणजे डेव्हीच्या आकड्यात झुंजीचा काही वाटा असेलही, पण अपवाद खरा होता.

डेव्हीने पुढे काय केले, ते आकड्यापेक्षाही वाचण्यासारखे आहे. नंतरच्या काळात त्याची नेमणूक आयोनियन बेटांवर आणि माल्टात झाली. भूमध्य समुद्रातला मोठा टुना त्याला तिथे मिळाला. त्याने तो उघडून पाहिला, तेव्हा कल्ल्यांकडे जाणाऱ्या नसा (मज्जातंतू) नेहमीपेक्षा फार जाड, हृदय बळकट आणि मांस गडद तांबडे. हाही गरम असणार, असा त्याने तर्क केला, आणि मग मच्छीमारांना विचारले. मच्छीमारांनी दुजोरा दिला. त्याच कुळातल्या आणखी काही माशांबद्दलही त्यांनी तेच सांगितले. सारांशात या मच्छीमारांचा उल्लेख ‘समजदार’ असा येतो. नावे नाहीत. युरोपातल्या विद्वानांना जो अपवाद नवा होता, तो भूमध्य समुद्रातल्या जाळेकऱ्यांच्या हाताला आधीपासून ठाऊक होता, हे या कागदातूनच उघड होते. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या कोळ्याला कोणी तेव्हा विचारले असते तर त्यानेही सांगितले असते, असा मोह मला होतो; पण विचारल्याचा कागद नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

कारण मात्र डेव्हीचे चुकले. उष्णता कुठून येते, याचे श्रेय त्याने मुख्यतः त्या जाड नसांना दिले. मूत्रपिंडांची जागा आणि आकार यांचाही काही हात असावा, असे त्याला वाटले. शिवाय, या माशांपाशी उष्णता निर्माण करण्याची काही खास तऱ्हा असू शकेल जिची आपल्याला अजून कल्पना नाही, अशी मोकळी जागाही त्याने ठेवली. ही मोकळी जागा त्याच्या नसांच्या सिद्धान्तापेक्षा जास्त टिकली.

आता दुसरा कागद, आणि सालही तेच. १८३५ मध्ये कोपनहेगनचा एश्रिख्ट आणि बर्लिनचा योहानेस म्युलर या दोन शरीरशास्त्रज्ञांनी बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे टुनाच्या यकृतावरचा एक निबंध ठेवला. या माशाच्या यकृतापाशी धमन्या आणि शिरा हजारो बारीक फांद्यांत फुटतात, या फांद्या एकमेकींना खेटून समांतर धावतात आणि पुन्हा एकवटतात. शरीरशास्त्रात अशा रचनेला प्राचीन काळापासून ‘अद्भुत जाळे’ म्हणत आले आहेत. म्युलर हा त्या शतकातल्या सर्वांत कसलेल्या शरीररचनाकारांपैकी. त्याच्या नजरेतून असले काही सुटणे कठीणच. लंडनच्या कागदात तापमान होते, बर्लिनच्या कागदात रक्तवाहिन्या होत्या. या जाळ्यामुळे ते तापमान कसे टिकते, हे मोजमापांनिशी दाखवायला आणखी १३१ वर्षे गेली.

इतका उशीर का लागला ते कळण्यासाठी माशाची अडचण आधी समजून घ्यावी लागते. उष्णता निर्माण करणे हा कुठल्याही प्राण्याला अवघड विषय नाही. स्नायू हलला की ती निर्माण होतेच. अवघड आहे ती राखणे. मासा श्वास घेतो कल्ल्यांनी. पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा फारच थोडा विरघळलेला असतो, म्हणून कल्ल्यांचा पृष्ठभाग प्रचंड आणि त्यांची कातडी अतिशय पातळ असावी लागते. शरीरातले सगळे रक्त तिथून पाण्याला चिकटूनच जाते. प्राणवायू आत येण्याइतका वेळ रक्त तिथे राहिले, तर उष्णता बाहेर जायला तो वेळ भरपूर होतो, कारण उष्णता प्राणवायूपेक्षा कितीतरी जलद पसरते. स्नायूंनी तापवलेले रक्त कल्ल्यांत पोचले की पाण्याइतके थंड होऊनच परत येणार. मासा कितीही जोराने पोहला तरी या हिशेबातून सुटका नाही. तेव्हा मासे थंड रक्ताचे असतात हा नियम अडाणीपणाचा नव्हता. त्याच्यामागे सबळ कारण होते.

सुटका एकाच रीतीने होऊ शकते. गरम रक्त कल्ल्यांपर्यंत पोचण्याआधीच त्याची उष्णता काढून घ्यायची आणि ती कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताला द्यायची. बारीक धमन्या आणि बारीक शिरा शेजारीशेजारी, उलट दिशांनी वाहत असतील, तर वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी शिरेतले रक्त धमनीतल्या रक्तापेक्षा किंचित गरम राहते आणि उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जाते. शीर जाळ्यातून बाहेर पडते तेव्हा ती जवळजवळ पाण्याइतकी थंड, आणि धमनी स्नायूत शिरते तेव्हा जवळजवळ स्नायूइतकी गरम. जाळ्यातल्या वाहिन्यांच्या भिंती केशवाहिन्यांपेक्षा जाड असल्यामुळे प्राणवायू मधल्या मध्ये गळत नाही, उष्णता मात्र ओलांडून जाते. १९५५ मध्ये शोलांडर आणि शेव्हिल यांनी देवमाशांच्या परांत हीच युक्ती दाखवली, आणि १९५७ मध्ये शोलांडरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये अद्भुत जाळ्यावर एक सुरेख लेख लिहिला. देवमासा सस्तन, त्याच्याबाबतीत कोणाला नवल वाटले नाही.

मधल्या काळातला एक मोठा कागद जपानचा आहे. किशिनोये कामाकिची यांनी १९२३ मध्ये टोकियोच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात बांगडा आणि टुनाच्या कुळांचा दीडशेहून अधिक पानांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. टुनाच्या कातडीखालून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या, कण्याजवळची जाळी आणि खोलवर बसलेले तांबडे मांस त्यांना इतके वेगळे वाटले की त्यांनी टुनांना बाकीच्या सगळ्या हाडांच्या माशांपासून काढून एक स्वतंत्र गणच देऊन टाकला. वर्गीकरणकारांनी पुढे तो मोडला, आणि माझ्या मते बरोबर मोडला, कारण टुना आणि बांगडा यांचे नाते बाकी सर्व बाबतींत उघड आहे. पण किशिनोये यांनी बोट नेमके ठेवले होते. फरक आहे तो मांसाच्या जागेत आणि रक्ताच्या वाटेत.

मांसाच्या या जागेचा पुरावा पाहायला समुद्रावर जावे लागत नाही. विदर्भातले पारशिवनी समुद्रापासून शेकडो कोस आत आहे. तालुक्यातल्या पेंच नदीवर नवेगाव खैरीचे धरण आहे, नागपूरला पाणी तिथून जाते, आणि या भागात ताटात येणारा मासा म्हणजे रोहू, कटला, मृगळ. ढीवराने मृगळाचा आडवा काप काढला की पांढऱ्या मांसात दोन्ही कडांना, कातडीच्या लगेच आत, एक तपकिरी-तांबूस पट्टी दिसते. काहीजण ती कडवट लागते म्हणून काढून टाकतात. हाच तो तांबडा स्नायू. मासा धरणाच्या संथ पाण्यात तासन्‌तास हळूहळू फिरतो तो या पट्टीच्या जोरावर. पाठीमागे काही लागले आणि एकदम झेप घ्यायची वेळ आली की उरलेले पांढरे मांस कामाला येते, आणि लवकरच थकते. कुप्याचा काप याच्या शेजारी ठेवला तर फरक डोळ्यांत भरतो. तिथे तांबडे मांस कातडीलगतची पट्टी राहत नाही. त्याचा मोठा गडद गठ्ठा कण्याला चिकटून, शरीराच्या गाभ्यात बसलेला असतो.

मृगळाच्या या पट्टीवर संशोधन झाले ते मराठी माणसाला परक्या नसलेल्या एका गावात, गायकवाडांच्या बडोद्यात. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि तिथल्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. जे. सी. जॉर्ज यांनी स्नायूंवर काम उभे केले. त्यांच्या प्रसिद्ध निबंधांतून त्या कामाचा माग बराच नीट काढता येतो. सुरुवात पक्ष्यांपासून झाली. कबुतराच्या छातीच्या मोठ्या स्नायूत दोन प्रकारचे धागे असतात, एक अरुंद आणि तांबडे, दुसरे रुंद आणि पांढरे. या दोहोंतल्या मायटोकाँड्रियांच्या वाटणीविषयी जॉर्ज आणि नाईक यांचे टिपण १९५८ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. अरुंद तांबड्या धाग्यांत मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले, चरबीचे थेंब आणि चरबी फोडणारी विकरे. रुंद पांढऱ्या धाग्यांत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा. याचा अर्थ असा की दीर्घ उड्डाणाचे इंधन चरबी आहे, ती प्राणवायूच्या साहाय्याने जळते आणि ते काम तांबडे धागे करतात. मुक्कामाला दूर जायचे असेल तर साखरेपेक्षा चरबी परवडते. तेवढ्याच वजनात तिच्यातून दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते.

पक्ष्यावरून जॉर्ज माशाकडे वळले. १९६२ मध्ये ‘अमेरिकन मिडलँड नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात बांगडाजातीच्या माशाच्या तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंवरचा त्यांचा निबंध आला. योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत मंडपम येथे भारताच्या सागरी जीवशास्त्र संघटनेने बांगडा-टुना कुळांवर परिसंवाद भरवला होता; देशात या माशांचा विषय ऐरणीवर आलेला होता. पुढे १९६७ मध्ये बोकडावाला आणि जॉर्ज यांचा मृगळाच्या तांबड्या-पांढऱ्या स्नायूंवरचा निबंध बडोद्याहूनच निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ ॲनिमल मॉर्फॉलॉजी अँड फिजिऑलॉजी’मध्ये छापला गेला. पारशिवनीच्या ताटातला मासा आणि कोकणातला बांगडा अशा रीतीने एकाच टेबलावर आले.

हे काम त्या वेळी आवश्यक का होते? तांबड्या स्नायूचे काम काय, यावरच एकमत नव्हते. नॉर्वेच्या ब्रेक्कानने १९५६ मध्ये ‘नेचर’मध्ये असे सुचवले होते की माशाचा तांबडा स्नायू यकृतासारखे काम करत असावा, कारण त्यात जीवनसत्त्वे फार आढळतात. ही कल्पना आज विचित्र वाटली तरी तेव्हा तिला वजन होते. निकाल लावला तो प्लिमथच्या क्वेंटिन बोनने. त्याने १९६६ मध्ये छोट्या शार्कच्या स्नायूंत विजेचे सूक्ष्म अग्र बसवून दाखवले की संथ पोहण्यात फक्त तांबडे धागे चालतात आणि झेप घेताना पांढरे जागे होतात. बडोद्याच्या रासायनिक नकाशाला विद्युत पुरावा मिळाला, असे आपण म्हणू शकतो, जरी बोनचा मासा वेगळा आणि हेतूही स्वतंत्र होता.

१९६६ हे साल या प्रकरणात १८३५ इतकेच भरलेले आहे. जॉर्ज आणि बर्जर यांचा ‘एव्हियन मायॉलॉजी’ हा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे फ्रँक कॅरी आणि जॉन टील यांनी अमेरिकन विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात टुनाच्या स्नायूंतल्या उष्णतेच्या जतनावर सहा पानांचा निबंध लिहिला. दोन वर्षे आधी बॅरेट आणि हेस्टर यांनी पिवळ्या पराच्या टुनाची व स्किपजॅकची तापमाने समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाशी ताडून पाहिली होती. कॅरी-टील यांनी तापमान आणि रक्तवाहिन्या एकाच पानावर आणल्या. माशाच्या आडव्या कापात जागोजागी सुईने तापमान घेतले की सर्वांत गरम भाग तांबड्या मांसात येतो, आणि नेमक्या त्या मांसाकडे जाणाऱ्या वाटेवर जाळी बसलेली असते. बहुतेक माशांत मुख्य धमनी कण्याखालून मधोमध जाते आणि रक्त आतून बाहेर वाहते. मोठ्या टुनात बरेच रक्त आधी कातडीखालच्या वाहिन्यांतून कडेने जाते, तिथून जाळ्यात शिरते आणि बाहेरून आत वाहते. थंड बाजू बाहेर, गरम बाजू गाभ्यात. स्किपजॅकमध्ये कण्याखालीही मोठे जाळे असते. डेव्हीच्या हातातला मासा हाच.

पुढे १९६९ मध्ये कॅरी आणि टील यांनी मोठ्या निळ्या पराच्या टुनावर दाखवले की पाणी १० पासून ३० अंशांपर्यंत कितीही बदलले तरी स्नायूंच्या कमाल तापमानात साधारण ५ अंशांचाच फरक पडतो. त्याच सुमारास त्यांनी माको आणि पोर्बीगल या शार्कांतही गरम स्नायू दाखवले. टुना आणि या शार्कांचे पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. दोन्ही घराण्यांनी तांबडे मांस आत नेले आणि वाटेवर जाळे बसवले, ते आपापल्या परीने.

जॉर्ज यांचे नाव या गोष्टीत आणखी एकदा येते. बडोदे सोडून ते कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात गेले, आणि १९७८ मध्ये टुनाच्या तांबड्या-पांढऱ्या स्नायूंच्या सूक्ष्म रचनेवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सहलेखक डॉन स्टीव्हन्स. टाकीतल्या स्किपजॅकचे तापमान घेऊन डेव्हीच्या नोंदीवरची शंका ज्यांनी निवारली, तेच. कबुतर, बांगडा, मृगळ आणि टुना असा हा प्रवास झाला. बांगडा त्यात मधोमध असणे मला महत्त्वाचे वाटते. बांगडा टुनाचा जवळचा नातलग, उत्तम पोहणारा, त्याच्यातही तांबडा स्नायू भरपूर. पण तो कातडीलगत आहे आणि जाळे नाही, म्हणून बांगडा पाण्याइतकाच थंड. सुरमईचेही तेच. म्हणजे तांबडा स्नायू असला की मासा गरम होतो असे नाही. अविरत चालणारा स्नायू ही अट आहे. त्याची जागा आणि रक्ताची वाट बदलली तेव्हा उष्णता टिकू लागली. हे टुनाकडे एकट्याने बघून कळले नसते.

गरम असण्याने माशाला मिळते काय? स्नायू १० अंशांनी गरम झाला तर त्याच्या आकुंचनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, आणि टुना थंड, खोल पाण्यात बुडी मारून भक्ष्य गाठतो तेव्हा ते भक्ष्य थंडीने मंदावलेले असते, तो नसतो. मात्र इथे कागदांची छाननी पुन्हा करावी लागते, कारण वेगाविषयी जितके अवास्तव आकडे छापले जातात तितके क्वचितच कशाविषयी. पालमाशाचा (सेलफिशचा) ताशी ११० किलोमीटर हा आकडा सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. त्याचा उगम फ्लोरिडातल्या लाँग की मासेमारी तळावरच्या चाचण्यांत सापडतो. तिथे गळाला लागलेल्या पालमाशाने ३ सेकंदांत सुमारे ९१ मीटर दोर ओढला. दोर रिळावरून किती सुटला, हे माशाच्या पोहण्याचे माप नव्हे. मासा हवेत उडी घेतो, दोर झोल खातो, हे सगळे त्या ९१ मीटरांत आले. २०१६ मध्ये स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी पालमाशाच्या स्नायूला आकुंचनाला लागणारा वेळ मोजून हिशेब केला, तो निघाला सेकंदाला ८ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. पिवळ्या पराच्या टुनाची ताशी ७४ किलोमीटरची झेप वॉल्टर्स आणि फिअरस्टाइन यांनी १९६४ मध्ये ‘नेचर’मध्ये नोंदवली होती. ते निदान मोजलेले होते, पण तेही गळाच्या दोरावरूनच, आणि क्षणभराचे. गरम माशाचा खरा फायदा झेपेत नसून चालीत आहे. २०१५ मध्ये वातानाबे आणि सहकाऱ्यांनी माशांवर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा गरम अंगाचे मासे त्याच आकाराच्या थंड माशांपेक्षा रोजच्या चालीत सुमारे २.७ पट वेगाने पोहतात असे निघाले. नंतरच्या अभ्यासांत हा फरक कमी भरला आहे. दिशा मात्र तीच.

आणि टुनाला सरसकट उष्णरक्ती म्हणणेही चूकच. त्याचे हृदय पाण्याइतकेच थंड असते, कारण त्याला मिळणारे रक्त जाळ्याने आधीच निवलेले असते. फार थंड पाण्यात तो जास्त वेळ थांबू शकत नाही तो या हृदयामुळे. तलवार माशाने निराळीच तऱ्हा शोधली. कॅरीने १९८२ मध्ये दाखवले की त्याच्या डोळ्याचा एक स्नायू आकुंचन सोडून फक्त उष्णता देण्याचे काम करतो आणि मेंदू व डोळे तेवढे गरम ठेवतो. सर्व शरीर, हृदयासकट, गरम ठेवणारा मासा सापडला तो २०१५ मध्ये: ओपा नावाचा गोल, खोल पाण्यातला मासा. त्याचे जाळे थेट कल्ल्यांतच बसलेले आहे, म्हणजे उष्णता जिथून पळते त्या दारातच. डेव्हीने १८३५ मध्ये कल्ल्यांकडे बोट दाखवले होते. कारण चुकले होते, आणि मासाही वेगळा. पण हा एक मासा त्याला भेटला असता तर त्याचे समाधान झाले असते.

शाळेच्या पुस्तकात ‘मासे शीतरक्ती’ हे वाक्य राहायला माझी हरकत नाही. त्याआधी ‘बहुतेक’ हा शब्द घालावा, इतकेच.

आणखी एक विनंती महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना. लंडन, बर्लिन आणि वुड्स होलचे कागद आज संगणकावर कोणालाही वाचता येतात. १९५४ पासून बडोद्याहून निघालेल्या त्या नियतकालिकासारखे आपले जुने अंक मात्र कपाटांतच आहेत, आणि जागा हवी झाली की पहिल्यांदा तेच रद्दीत जातात. विदर्भातल्या कोणत्याही प्राणिशास्त्र विभागात ते असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा, आणि जमल्यास स्कॅन करून ठेवा. ज्या तालुक्यात मृगळ रोज कापला जातो, तिथल्या विद्यार्थ्याला त्या माशाच्या तांबड्या पट्टीवरचा मूळ निबंध वाचायला मिळायला हवा.